पेरणी होते ती मनातल्या पावसावर

2025 च्या खरिपाआधी भारतातल्या 13 राज्यांमधल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर केंद्रीय कृषी मंत्रालयाकडून संदेश गेले. तुमच्या भागात मोसमी पाऊस कधी सुरू होईल, याचा तो अंदाज होता. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मॉडेलांनी काढलेला, आणि तोही चार आठवडे आधीपर्यंतचा. त्या वर्षी मॉन्सून 24 मे रोजीच केरळात दाखल झाला, म्हणजे नेहमीच्या 1 जूनच्या आठवडाभर आधी. 'यंदा पाऊस लवकर' असं जो तो म्हणू लागला. पुढे उत्तरेकडे सरकताना हाच मॉन्सून सुमारे 20 दिवस थबकला. हा खंड अंदाजात आधीच दिसला होता.

नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमधल्या शेतकऱ्यांना फोन करून विचारणा झाली. 31 ते 52 टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं, की संदेश वाचून आम्ही मशागत, पेरणीची वेळ, पीक किंवा बियाणं-खतांसारख्या निविष्ठा यांत काही ना काही बदल केला. एका संदेशावर इतक्या लोकांनी शेतीचा निर्णय फिरवावा, ही मला मोठी गोष्ट वाटते. पण बाकीच्यांनी तो फिरवला नाही. अंदाज तोच, आभाळही तेच. मग फरक कशाने पडला?

'लोकांना कळत नाही' हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचंही. जगभरात या प्रश्नावर बराच अभ्यास झाला आहे. त्यातून दिसतं ते असं: पाऊस, ऊन, थंडी यांचं एक चित्र शेतकऱ्याच्या मनात वर्षानुवर्षांच्या अनुभवातून तयार झालेलं असतं आणि तो निर्णय घेतो तो त्या चित्रावर. ते चित्र खऱ्या हवामानाशी जितकं जुळेल तितका निर्णय लागू पडतो. जिथे जुळत नाही, तिथे कष्टही वाया जातात आणि पैसाही.

'हवामान' शब्द एक, गोष्टी दोन

पहिली अडचण भाषेतच आहे. 'आज हवामान ढगाळ आहे' यातही हवामान आणि 'हवामान बदल' यातही हवामान. पहिलं आजचं, उद्याचं. दुसरं एखाद्या जागेचं अनेक वर्षांचं वळण. जागतिक हवामान संघटना त्यासाठी 30 वर्षांची सरासरी धरते. सध्या 1991 ते 2020 ही वर्षं धरली जातात. हे वळणच सरकू लागतं, तेव्हा त्याला हवामान बदल म्हणायचं. 2011 ते 2020 या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान 1850–1900 या काळापेक्षा साधारण 1.1 अंश सेल्सिअसने जास्त होतं.

हे 1.1 अंश कुणाच्याच अंगाला जाणवत नाहीत. पहाट आणि दुपार यांच्यात याहून कितीतरी मोठा फरक असतो. सरासरी ही कागदावरची गोष्ट आहे, ती शेतात उभं राहून दिसत नाही. शेतात दिसतो तो यंदाचा पाऊस, गेल्या साली गळालेला मोहोर, तीन वर्षांपूर्वीची गारपीट.

रोज एकाच बसने जाणाऱ्या माणसाचं उदाहरण घ्या. बस एक दिवस उशिरा आली तर तो काही घरातून उशिरा निघायला लागत नाही. आठवडाभर उशिरा आली तर थोडा विचार करतो. महिनाभर तेच चाललं तर निघण्याची वेळ बदलतो. नेमक्या कितव्या दिवशी बदलायची, हे त्याला कुणी सांगत नाही. लवकर बदलली आणि दुसऱ्या दिवशी बस वेळेवर आली, तर ती चुकली. बदललीच नाही, तर रोज थांब्यावर ताटकळणं आलं. शेतकऱ्यापुढचा पेच असाच आहे. फक्त त्याची बस वर्षातून एकदा येते आणि चुकली तर वर्ष जातं.

पाऊस कमी झालाय की नाही?

शेतकरी म्हणतात 'पाऊस कमी झाला' आणि पर्जन्यमापकाच्या नोंदी म्हणतात 'तेवढाच आहे', असं अनेक ठिकाणी घडलं आहे. उत्तर इथिओपियातला असा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. लोक ठामपणे सांगत होते की पाऊस घटला, आणि नोंदींमध्ये तशी घट सापडत नव्हती. संशोधकांनी त्यावरून लोकांना खोटं ठरवलं नाही. पावसाची गरजच वाढल्यामुळे तेवढाच पाऊस आता अपुरा पडतो, असा एक उलगडा त्यातून पुढे आला.

ही विसंगती समजून घेण्यासारखी आहे. समजा, हंगामात 600 मिलिमीटर पाऊस पडतो. 40 दिवस रोज 15 मिलिमीटर पडला तरी 600 आणि 12 दिवस रोज 50 मिलिमीटर पडला तरी 600. वर्षाचा आकडा एकच. पण पहिला पाऊस जमिनीत मुरतो. दुसरा ढेकळं फोडत, वरची माती सोबत घेऊन ओढ्याला जातो आणि मग दोन-दोन आठवडे कोरडे जातात. पानं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी सावरतात, आणि एक दिवस सावरत नाहीत. या शेतकऱ्याला विचारलं तर तो 'पाऊस कमी झाला' असंच म्हणणार. तो मोजतोय पिकाच्या मुळाशी पोहोचलेला पाऊस आणि यंत्र मोजतंय आभाळातून पडलेला. दोघंही खरं बोलतात.

तापमानवाढीशी याचा सरळ संबंध आहे. हवा 1 अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस अधिक जोराने पडू शकतो, आणि उघडीप मिळाली की तीच तापलेली हवा जमिनीतली ओलही झपाट्याने ओढून घेते.

चित्रात असा बारकावा असेल तर उपाय बदलतो. 'एकूण पाऊसच आटला' असं मनात बसलं तर माणूस कमी पाण्याच्या पिकाकडे वळेल किंवा शेती सोडायचा विचार करेल. 'पाऊस आहे, पण एकदम येतो आणि मग दडी मारतो' असं बसलं तर तो आडवे बांध घालेल, सरी-वरंबा करेल, पाणी साठवेल, जमिनीवर आच्छादन टाकेल. म्हणूनच हवामानाची चर्चा फक्त मिलिमीटरच्या बेरजेवर आटोपली की मला वाईट वाटतं.

आठवणीवर किती भरवसा ठेवायचा?

इथे एक रास्त शंका येते. शेतकऱ्याचा अनुभव महत्त्वाचा खरा, पण माणसाची आठवण चुकते त्याचं काय?

चुकतेच. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेतकऱ्यांवर मानसशास्त्रज्ञ एल्के वेबर यांनी 1990 च्या दशकात अभ्यास केला. हवामान बदलतंय असं मानणाऱ्यांना मागच्या वर्षांचं हवामान बदलत गेल्यासारखं आठवत होतं. बदलत नाही असं मानणाऱ्यांना ते होतं तसंच आठवत होतं. भाग तोच, वर्षं तीच. आठवण मताच्या मागून चालत होती.

शिवाय ताजी आठवण जुनीला झाकते. लागोपाठ दोन वर्षं अवकाळीने झोडपलं की मागची चांगली पंधरा वर्षं पुसट होतात. नुकसानीची आठवण तर जास्तच खोल रुतते. भरघोस पिकाचं साल सांगताना माणूस जरा आठवून पाहील. पीक डोळ्यांदेखत आडवं झालं तो दिवस त्याला तारखेसह पाठ असतो.

पण याचा अर्थ शेतकऱ्याचं ऐकू नये असा होत नाही. आठवण कशी चुकते हे माहीत असेल तर तिच्याशेजारी नोंद ठेवता येते. बांधावरचा साधा पर्जन्यमापक आणि वहीत रोजचा एक आकडा, एवढ्यावर पाच-सात वर्षांत चित्र बरंच स्वच्छ होतं.

पेरायचं कधी: सगळं इथे येऊन ठेपतं

कोरडवाहू शेतीतला सगळ्यात महागडा निर्णय पेरणीच्या तारखेचा. पहिला दमदार पाऊस होऊन गेलाय. शेतकरी शेतात जातो, बोटाने माती उकरतो, ओल किती खोल गेलीय ते बघतो. मूठभर माती दाबतो. गोळा झाला आणि टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा आलाय. आता पेरलं तर पीक लवकर उभं राहील, हंगाम पुरा मिळेल. पण पाठीमागून पाऊस आला नाही तर उगवलेलं करपेल आणि बियाणं, खत, मजुरी पुन्हा घालून दुबार पेरणी करावी लागेल. थांबलं तर हातची ओल उडून जाईल. मातीने तिचं उत्तर दिलेलं असतं. पुढच्या दहा दिवसांचं उत्तर मात्र त्याला स्वतःच्या मनातून काढावं लागतं.

आंध्र प्रदेशातल्या कोरडवाहू भागात अर्थशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. पाऊस कधी लागेल असं तुम्हाला वाटतं, हे त्यांनी शेतकऱ्यांना विचारलं आणि मग त्यांचं वागणं पाहिलं. पाऊस उशिरा लागेल असं मानणाऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ कमी आली. त्यांनी पावसाआधी निविष्ठांची खरेदीही कमी केली होती, आणि हवामान विमा घेण्याकडे त्यांचा कल जास्त होता. मनातली एक तारीख, आणि तिच्यामागे दुकानातली खरेदी, विमा, पेरणी अशी सगळी रांग.

पुढे तेलंगणातल्या 250 गावांमध्ये याहून नेटका प्रयोग झाला. काही गावांमधल्या शेतकऱ्यांना मॉन्सूनच्या आगमनाचा अंदाज खूप आधी दिला. अंदाज एकच, पण परिणाम दोन बाजूंना गेला. ज्यांनी मनात लवकरची तारीख धरली होती, त्यांना ही बातमी वाईट वाटली. त्यांनी पेरणीखालचं क्षेत्र घटवलं, काही खर्च आवरला. ज्यांनी आधीच उशिराची धास्ती घेतली होती, त्यांना तीच बातमी चांगली वाटली आणि त्यांनी खर्च वाढवला. कोणतं पीक घ्यायचं, हेही बदललं.

या प्रयोगात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की अंदाज कोऱ्या पाटीवर पडत नाही. पाटीवर आधी काहीतरी लिहिलेलं असतं आणि नवी माहिती त्याच्या तुलनेत वाचली जाते. 2025 च्या संदेशावर कुणी निर्णय फिरवला आणि कुणी नाही, यामागेही हेच एक कारण असू शकतं. संदेशातली तारीख मनातल्या तारखेशी जुळत असेल, तर बदलायचं तरी काय?

'माणसामुळे होतंय' हे पटल्याशिवाय शेती बदलेल का?

अनेकांना वाटतं, आधी हवामान बदलाचं विज्ञान पटवून द्यायला हवं, मग पुढचं. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातल्या 11 राज्यांमध्ये 2012 साली सुमारे 4,800 शेतकऱ्यांची पाहणी झाली. 66 टक्के शेतकरी म्हणाले, हवामान बदलतंय. मात्र हे मुख्यतः माणसामुळे होतंय असं म्हणणारे फक्त 8 टक्के होते.

कारणाबद्दल मत काहीही असो, पाणी साचणाऱ्या शेताचा निचरा सुधारायला ते आड येत नाही. कॅलिफोर्नियातल्या योलो काउंटीतल्या अभ्यासाने हा गुंता चांगला सोडवला. त्यासाठी दोन कामं वेगळी करून बघावी लागतात. एक, बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं: वाण बदलणं, पाणी जपणं, तारखा पुढेमागे करणं. दुसरं, हवेत जाणारे तापमानवाढीचे वायू कमी करणं: खतांचा नेमका वापर, डिझेलची बचत. पहिल्या कामामागे शेतकऱ्याची स्थानिक काळजी होती, विशेषतः पाण्याची. दुसऱ्यामागे जगाची काळजी होती, आणि तिथे विज्ञान पटण्याला वजन होतं.

तेव्हा पाण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला आधी जगाच्या तापमानाचा आलेख दाखवणं हा उलटा क्रम झाला. अर्थात, कारण पटवण्याची गरज त्यामुळे संपत नाही. जुळवून घेण्याला मर्यादा आहे, आणि तापमान चढतच राहिलं तर ती मर्यादा केव्हातरी येणारच.

कळतंय तर वळत का नाही?

दक्षिण आफ्रिका आणि इथिओपियातल्या 1,800 शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत बहुतेकांना तापमान आणि पावसातला बदल जाणवला होता. तरी मोठ्या संख्येने कुटुंबांनी शेतीत काहीही बदललं नव्हतं. कारण विचारलं तर दक्षिण आफ्रिकेतून मुख्य उत्तर आलं: कर्ज मिळत नाही. इथिओपियातून आलं: जमीन नाही, माहिती नाही, कर्ज नाही.

ठिबक बसवायचं तर आज पैसा लागतो आणि फायदा दिसायला तीन हंगाम जातात. भाडेपट्ट्याने कसायला घेतलेल्या जमिनीवर कोण बांध घालणार? पुढच्या वर्षी ती हातात असेलच असं नाही. 'शेतकरी परंपरेला चिकटून आहेत' असं म्हणताना या गोष्टी सहज विसरल्या जातात आणि ते अन्यायाचं आहे.

मालकीची भावना किती काम करते ते नायजर देशात दिसलं. शेतातली झाडं सरकारची, असं लोक धरून चालत होते तोवर ती वाढवण्यात कुणाला रस नव्हता. ती आपली आहेत असं वाटू लागलं, तशी शेतकऱ्यांनी जुन्या खोडांना फुटणारे धुमारे राखायला सुरुवात केली. त्यातून सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं पुन्हा उभी राहिली.

शेजारच्या बुर्किना फासोतले शेतकरी याकुबा सावादोगो यांची गोष्ट मला फार जवळची वाटते. 1980 च्या सुमारास दुष्काळाने तिथली जमीन सिमेंटसारखी टणक झाली होती, लोक गावं सोडून जात होते. सावादोगो ऐन उन्हाळ्यात त्या जमिनीत वीतभर रुंदीचे खड्डे खणत बसले. 'झाई' नावाची ही जुनीच रीत. त्यांनी खड्डे मोठे केले आणि त्यात शेणखत, पालापाचोळा टाकला. त्याला वाळवी लागली. वाळवीने केलेल्या बारीक भुयारांतून पहिल्या पावसाचं पाणी खोल मुरलं, आणि त्याच खड्ड्यांत ज्वारी-बाजरी उगवली. कोरड्या दिवसांत खड्डे खणणारा हा माणूस शेजाऱ्यांना वेडा वाटला होता. त्यांच्या शेतात पीक उभं राहिलं, तेव्हा हळूहळू इतरांनी कुदळी घेतल्या. 2018 साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. 2023 मध्ये ते गेले. शेजारच्या शेतातलं हिरवं पीक बघून माणसाच्या मनातलं चित्र जसं बदलतं, तसं पुस्तिका वाचून क्वचितच बदलत असेल.

एक उपाय केला की मन निवतं

वेबर यांच्या त्याच इलिनॉयच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. हवामान बदलाची काळजी वाटणारे शेतकरी शेतीच्या पद्धतीत बदल करत, किंवा बाजारातल्या भावाची जोखीम कमी करत, किंवा सरकारी उपायांना पाठिंबा देत. यांपैकी एक केलं की दुसरं सहसा करत नसत. एका उपायाने धास्ती निवते, धोका मात्र जागेवरच राहतो. शेतकरीच कशाला, आपण सगळेच असे वागतो.

विम्याचंही तसंच. तो हवाच, तो नसेल तर एक वाईट साल माणसाला उठू देत नाही. पण अमेरिकेतल्या मका आणि सोयाबीनच्या आकडेवारीत दिसलं, की विमा उतरवलेल्या पिकाचं उत्पादन तीव्र उष्णतेत विमा नसलेल्या पिकापेक्षा जास्त घसरतं. नुकसान भरून मिळणार असेल तर उष्णतेला तोंड देण्याच्या तयारीवर खर्च करण्याचा नेट कमी होतो.

काही उपाय तर धोका वाढवतात. पाणी कमी पडलं म्हणून एकाने कूपनलिका आणखी खोल नेली, की शेजाऱ्याची आटते. मग तोही खोल जातो. प्रत्येकाने आपापल्या परीने हवामानाशी जुळवून घेतलेलं असतं आणि सगळ्यांच्या खालचं पाणी संपलेलं असतं.

जुने ठोकताळे टाकून द्यायचे का?

पेरू आणि बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतात शेतकरी जूनच्या अखेरीस पहाटे कृत्तिकांचा तारकापुंज पाहतात. तारे लख्ख दिसले तर पाऊसपाणी चांगलं, अंधुक दिसले तर पाऊस उशिरा आणि कमी. अंधुक दिसले की बटाट्याची लावण पुढे ढकलायची. ही अंधश्रद्धा वाटू शकते. 2000 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत याचा उलगडा छापून आला. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं त्या वर्षी, तिथे खूप उंचावर विरळ ढगांचा पडदा वाढतो, डोळ्यांना तो कळतही नाही, पण तारे त्यामुळे अंधुक होतात. आणि एल निनोच्या वर्षी तिथे पुढच्या हंगामात पाऊस कमी पडतो. उपकरणं नव्हती तेव्हापासून तिथले शेतकरी एल निनो पाहत आले होते.

म्हणून ठोकताळ्यांची टर उडवू नये. तरी एक सावधगिरी हवी. ठोकताळा एखाद्या जुन्या नात्यावर उभा असतो: अमुक दिसलं की तमुक होतं. हवामानाचं वळण सरकलं तर ते नातंही सैल होऊ शकतं. कुठला ठोकताळा अजून लागू पडतो आणि कुठला नाही, हे दहा-बारा वर्षांच्या नोंदींशी ताडून बघता येतं.

सगळ्याचं खापर हवामानावर फोडायचं का?

सेनेगलमध्ये संशोधकांनी शेतकऱ्यांना हवामानाबद्दल थेट विचारलं, तेव्हा वाऱ्याने आणि अतिवृष्टीने होणाऱ्या नुकसानीबद्दल ते भरभरून बोलले. मात्र हवामानाचं नाव न काढता 'तुमची शेती, तुमचं जगणं का बदललं?' असं विचारलं, तेव्हा मुख्य कारणं म्हणून आर्थिक, राजकीय आणि सामाजिक गोष्टी पुढे आल्या. एखाद्याने पीक बदललं तर ते उष्णतेमुळे असेल, पडलेल्या भावामुळे असेल, किंवा पोरं शहरात गेली आणि शेतात माणूस उरला नाही म्हणूनही असेल. बहुधा तिन्ही एकदमच.

मग सल्ला देणाऱ्याने काय करावं?

एप्रिल 2025 मध्ये भारतीय हवामान विभागाने देशात दीर्घकालीन सरासरीच्या 105 टक्के मोसमी पावसाचा अंदाज दिला. धरणांच्या नियोजनाला, बाजाराला तो हवाच. पण वाफशावर आलेल्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला त्यातून तिफण आज धरायची की नाही हे कळत नाही. त्याला हवंय ते असं: तुमच्या भागात येत्या दहा दिवसांत सलग कोरडं जाण्याची शक्यता दहातली किती, आणि गेल्या वर्षी आम्ही असं सांगितलं तेव्हा किती वेळा खरं ठरलं.

आणि हे सांगण्याआधी त्याला विचारायला हवं, 'तुमच्या मते यंदा पाऊस कधी लागेल?' तो म्हणाला जूनचा दुसरा आठवडा आणि अंदाज जुलैच्या पहिल्या आठवड्याचा असेल, तर बियाण्याचं पोतं उघडण्याआधी त्याच्याशी बसून बोलावं लागेल. तो स्वतःच जुलै म्हणाला, तर तेवढा वेळ पुढच्या बांधावर देता येईल.